कमरेइतक्या उंचीचा मोनोपॉड

१२ जानेवारी

प्रिय खटपटे,

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू तोंडाने "हं, हं" करतेस आणि डोळे समोरच्या गिऱ्हाइकावर असतात. शिवाय घरी फोन केला तर तुझी आई आधी उचलते आणि मला काय झालंय ते मलाच सांगत बसते. तेव्हा हे पत्र. तू याला मेल म्हण, मी पत्रच म्हणणार.

काम तुझ्या कॅमेऱ्याच्या दुकानातलं आहे. मला मोनोपॉड हवाय. आयुष्यभर ती अवजड लेन्स हातात धरून मी फुटबॉलचे सामने टिपले आणि एका पायावर कॅमेरा ठेवणाऱ्यांची टिंगल केली, हे तुला तोंडपाठ आहे. आठवण करून द्यायची गरज नाही. हल्ली सामना संपेपर्यंत खांदा भरून येतो, एवढंच.

घाई आहे. महिनाअखेरीस हंगाम सुरू होतो. मैदानावर फोटोवाल्यांना पास देणारे नवे अधिकारी आलेत. त्यांच्या शर्टाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक सुरकुती पडत नाही, म्हणून आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो. त्यांनी नवा नियम काढलाय. मैदानाच्या रेषेजवळ फक्त धडधाकट माणसं बसणार. काठी, कुबडी, कमरेला पट्टा, असं काही दिसलं की रवानगी वरच्या गॅलरीत. आमच्या पेपरातल्या दाढीवाल्यांना पट्ट्यापायी वर पाठवलं. वरून त्यांना खेळाडूंचे भांग तेवढे दिसायचे. शेवटी पेपराने त्यांच्या जागी दुसरा माणूस पाठवला आणि ते आता ऑफिसात बसून इतरांचे फोटो कापतात.

माझं काही नाही, मी ठणठणीत आहे. पण मोनोपॉड चांगला हवा. वर हेड आणि पटकन सुटणारी ती तुमची प्लेट पण सांग. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी मावशी

१४ जानेवारी

प्रिय मावशी,

मागच्या खोलीत खोक्यांवर बसून तुझं पत्र दोनदा वाचलं. तू आणि मोनोपॉड! मालकांनी विचारलं, काय झालं, लॉटरी लागली का?

तर नीट ऐक. नुसता पाय घेऊन भागत नाही, वर डोकं लागतं. (माणसांचंही तसंच आहे, असं तू म्हणणार, म्हणून मीच म्हणून टाकते.) गोळ्यावर फिरणारं बॉल हेड घेऊ नकोस. मोनोपॉडचा पाय मुळात सगळीकडे कलतो, त्यावर आणखी चारी बाजूंना कलंडणारं हेड लावलं की लेन्स सांभाळता सांभाळता गोल होऊन जातो. फक्त पुढे-मागे झुकणारं साधं टिल्ट हेड पुरे. उभा फोटो हवा तर लेन्सची कडी फिरते की.

आता खरी मेख. लेन्सच्या बुडाला प्लेट लावायची, ती हेडवरच्या क्लॅम्पच्या खाचेत सरकवायची आणि आवळायची. पण बहुतेक हेडांवर हा क्लॅम्प कॅमेऱ्याच्या प्लेटच्या हिशोबाने आडवा बसवलेला असतो, आणि लेन्सची प्लेट असते उभी. तशीच लावली की लेन्स गोलपोस्टकडे झुकायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या मांडीवर झुकते. क्लॅम्प सोडवून काटकोनात फिरवावा लागतो. लोकांना हे माहीत नसतं आणि ते हेड बिघडलंय म्हणून आमच्याशी भांडायला येतात.

आणि खटक्याचा क्लॅम्प नको, फिरकीचा घे. प्रत्येक कंपनीची प्लेट केसभर कमी-जास्त रुंद असते. खटका 'टक्' करून बंद होतो, आपण निर्धास्त होतो, आणि आत प्लेट सैलच राहिलेली असते. फिरकी आवळताना बोटांना कळतं, बसली की नाही ते.

लेन्स तीच ना जुनी? उंची डोळ्याइतकी धरू ना? आणि खांद्याचं डॉक्टरला दाखवलंस का? नसणारच दाखवलं.

तुझी खटपटी

१५ जानेवारी

प्रिय खटपटे,

इतकं शिकवलंस की मी आता दुकान टाकू शकेन. टिल्ट हेड आणि फिरकी, ठरलं.

थोडे प्रश्न आहेत. हा पाय वजन किती पेलतो? म्हणजे जास्तीत जास्त. तुमच्याकडचा सगळ्यात दणकट कोणता? वरून एकदम जोर आला तर त्याचे भाग एकमेकांत घसरतात का? खाली रबर असतं ते ओल्या गवतावर सरकतं का? फरशीवर?

उंची डोळ्याइतकी नको. कमरेइतकी, त्याहून थोडी कमीच. आणि हेड काढून ठेवलं तर वर काय राहतं? टोकदार काही हाताला लागायला नको.

लेन्स जुनीच. डॉक्टरचं मी बघते, तू तुझ्यापुरतं बघ.

तुझी मावशी

१८ जानेवारी

प्रिय मावशी,

खरं सांग, तू ती तोफ विकत घेतलीस ना? ती पांढरी, लांबलचक लेन्स, जिच्यासमोर मागच्या वेळी तू आमच्या काचेबाहेर उभी राहून उसासे टाकत होतीस? जुन्या लेन्ससाठी कुणी "वरून एकदम जोर आला तर" असं विचारत नाही. या वयात डोक्यावर कर्ज घेतलं असशील तर मला झोप लागणार नाही. तशी आत्ताही लागत नाहीये म्हणा.

कमरेइतक्या उंचीचं आधी मला काही कळेना. मग लक्षात आलं, तू रेषेपाशी स्टुलावर बसून फोटो काढतेस. बसल्यावर डोळा तेवढ्याच उंचीवर येतो. बरोबर ना? मोठ्या लेन्सवाले सगळे बसूनच काढतात. म्हणजे तोफच!

काल पार्सल टाकलं. जाड नळ्यांचा, क्लिपांनी आवळायचा पाय आहे. आमच्याकडे यापेक्षा दणकट नाही. हेडवरचा क्लॅम्प मी स्वतः काटकोनात फिरवून बसवला. प्लेटच्या दोन्ही टोकांना छोटे स्क्रू लावलेत, ते काढू नकोस. फिरकी चुकून सैल राहिली तरी लेन्स त्यांच्यामुळे अडते, पडत नाही. आणि माझ्याकडून एक भेट. रबर काढून तिथे लावायचा तीन बोटांचा तळ. त्याने मोनोपॉड जमिनीवर उभा राहतो आणि बुडाशी गोळा असल्यामुळे हवा तसा कलवताही येतो. तू खूश होशील.

कर्जाचं खरं सांग. आईला नाही सांगणार.

तुझी खटपटी

२६ जानेवारी

प्रिय खटपटे,

पार्सल पोचलं. तोफ-बिफ काही नाही, कर्ज नाही, तू झोप.

मोनोपॉड देखणा आहे. तीन बोटांचा तळ तर काय सुरेख! कोंबडीच्या पायासारखा जमीन धरून उभा राहतो. घरात सगळीकडे बरोबर घेऊन हिंडतेय. फक्त हेडवरची फिरकी तळहाताला रुतते, तिथे मी फडकं गुंडाळलंय.

शनिवारी पहिला सामना. सध्या एवढंच.

तुझी मावशी

२८ जानेवारी

प्रिय मावशी,

फिरकी तळहाताला कशी रुतेल? लेन्स लावलीस की हात लेन्सवर. फिरकी राहते खाली, बाजूला. तिच्यावर तळहात ठेवायचं कारणच काय?

आणि मोनोपॉड घरात घेऊन कशाला हिंडतेस?

मी दिवसभर काउंटरवर हाच विचार करत होते. एका माणसाला भलत्याच आट्यांचा स्क्रू दिला. उलट टपाली लिही.

तुझी खटपटी

२ फेब्रुवारी

मावशी,

शनिवारच्या सामन्याचे फोटो पाहिले. खाली तुझं नाव नाही. रविवारीही नाही. फोन केला तर वाजून वाजून थांबतो. आईने केला तर तू म्हणालीस मीटिंगमध्ये आहे. तू आयुष्यात कधी मीटिंगला गेली आहेस? आई म्हणते आवाज बारीक लागत होता. तळहाताचं काय ते सांगितलं नाहीस. आज उत्तर आलं नाही तर मी रजा टाकून येते.

खटपटी

३ फेब्रुवारी

प्रिय खटपटे,

येऊ नकोस. लिहिते.

मी पडले. फार नाही, मनगट सुजलंय आणि कोपर खरचटलंय. प्रेक्षकांच्या स्टँडच्या खालून मैदानात जाणारा बोळ आहे, तिथल्या शेवटच्या पायऱ्यांवर. कुणी पाहिलं नाही हे नशीब. ऑफिसला ताप म्हणून कळवलं.

खांद्याला काही झालेलं नाही. गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणतात हाडावर हाड घासतंय, काठी घ्या, नंतर ऑपरेशनचं बघू. काठी घेतली की मी वर, आणि वर गेले की ऑफिसातल्या खुर्चीत दाढीवाल्यांच्या शेजारी. म्हटलं, मोनोपॉड हातात असलेल्या फोटोवालीला कोण काय विचारणार? म्हणून कमरेइतकी उंची, म्हणून सगळ्यात दणकट, म्हणून तळहात. पायरी उतरताना भार टाकला आणि तो तुझा तीन बोटांचा तळ गोळ्यावर गर्रकन कलला. मी त्याच्यासकट खाली.

तुला फसवलं याचं वाईट वाटतंय. पण तुला सांगितलं असतं तर तू काठीच पाठवली असतीस. मला ती रेषा सोडवत नाही गं. तिथे बसले की मी कुणाची मावशी नसते आणि म्हातारीही नसते.

तुझी मावशी

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मी आधी खूप रडले, मग खूप चिडले. आता दोन्ही चालू आहे.

वजन पेलतो म्हणजे कॅमेऱ्याचं, अगं! सरळ वरून, स्थिर! माणूस टेकतो तेव्हा भार तिरका येतो, झटक्याने येतो. क्लिपा त्याच्यासाठी नसतात. आणि तो तळ कलण्यासाठीच बनवलेला असतो. मी हौसेने पाठवला. तू त्याच्यावर पायऱ्या उतरत होतीस आणि मी इथे तू खूश होशील म्हणून वाट बघत होते. डोक्याला मार लागला असता तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. आणि तुलाही.

तो मोनोपॉड आता टेकायला वापरायचा नाही. शपथ घे वगैरे मी म्हणत नाही. वापरायचा नाही म्हणजे नाही.

मी एक करतेय. करू की नको असं माझं सारखं होतंय, पण हात थांबत नाहीत. औषधांच्या दुकानातून खरी काठी आणली, माणसाच्या वजनाची. तिच्या नळीत भोकं असतात आणि त्यात खिट्टी बसते, त्यामुळे ती घसरायचा प्रश्नच नाही. खाली रुंद रबर. वरची मूठ गोल, जाड. दुरुस्तीच्या बाकावरच्या काकांनी मुठीच्या माथ्यावर आटे पाडून दिले आणि त्यावर मी एक चपटी प्लेट बसवली, कडा घासून गुळगुळीत केल्या. टिल्ट हेडच्या बुडाला आणखी एक फिरकीचा क्लॅम्प लावायचा, तो सोबत देते. म्हणजे हेड कायम लेन्सबरोबर राहील. चालताना मूठ मोकळी, हाताला काही रुतणार नाही. स्टुलावर बसलीस की हेड मुठीवरच्या प्लेटवर सरकव आणि आवळ. सगळं काळं रंगवलंय. लांबून पाहिलं तर मोनोपॉड, टेकलं तर काठी.

मला एकच सांग. खेळाडू अंगावर धावत आला तर तू उठून बाजूला होऊ शकतेस ना?

तुझी खटपटी

१० फेब्रुवारी

प्रिय खटपटे,

हो, होऊ शकते. त्याची काळजी करू नकोस.

काठी नाही गं, जादू आहे! भार टाकला तरी हूं की चूं करत नाही. काल बोळातल्या पायऱ्या चढले-उतरले, पुन्हा चढले, नुसत्या हौसेने. सामन्यात लेन्स वर बसवली, काम संपल्यावर सोडवली, आणि तुझ्यासारखी भाची सगळ्यांना मिळो असं मनात म्हणत उठले.

आता हस. मध्यंतरात इस्त्रीसाहेब स्वतः आले. काठीकडे वाकून बघितलं. म्हणाले, "मॅडम, हे मॉडेल कुठलं? माझ्या मेहुण्याला फोटोचा नाद आहे." मी म्हटलं, बाहेरून मागवलंय, फार दिवस लागतात. दाढीवाल्यांना सांगितलं तर ते हसता हसता खोकत बसले.

आजच्या पेपरात तिसऱ्या पानावर बघ. माझं नाव आहे.

तुझी मावशी

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नाव पाहिलं. कापून आईला दाखवलं, ती म्हणाली फोटो बरा आहे पण ही जेवते की नाही.

मी हसले, पण पूर्ण हसू आलं नाही. आता "त्याची काळजी करू नकोस" म्हणतेस, तसंच खांद्याच्या वेळी "डॉक्टरचं मी बघते" म्हणाली होतीस. स्टुलावरून तू किती पटकन उठतेस ते एकदा घरी कुणाला तरी बघायला लाव. उगाच म्हणतेय असं समज, पण बघ.

तुझी खटपटी

७ मार्च

प्रिय खटपटे,

तू विचारलं होतंस आणि मी खोटं लिहिलं होतं. मला उठता येत नाही. टेकून, दम घेऊन, मग दुसऱ्यांदा जोर लावून उठता येतं.

काल मुलींचा सामना होता. आमच्या मैदानावर फोटोवाले रेषा आणि जाहिरातींच्या फळ्या यांच्यामधल्या पट्टीत बसतात, तुला माहीत आहे. सात नंबरची पोरगी चेंडूमागे कोपऱ्याकडे सुटली. काय पळते ती! चेंडू रेषेपाशी, मी रेषेपाशी. माझ्या शेजारचे दोघे उड्या मारून बाजूला झाले. मी डाव्या हाताने मुठीवर जोर दिला, गुडघा उघडेना. ती थेट माझ्यावर येत होती. अगदी शेवटच्या पावलाला तिने चेंडू सोडून दिला आणि अंग फिरवलं. ती फळीवर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आवाज मी ऐकलाय.

चेंडू समोरच्या संघाने उचलला आणि गोल केला. आमच्या मुला-मुलींना हरायची सवय आहे, पण हा सामना महत्त्वाचा होता. प्रशिक्षक सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. घाबरलीस, म्हणाले, फळी बघून चेंडू सोडलास, भित्र्या पोरी मला संघात नकोत. तिला स्ट्रेचरवर घालत होते तेव्हा हे बोलणं चालू होतं. आज यादी लागली. हाड जुळलं तरी ती संघात नाही.

आणि मी काय केलं माहीत आहे? माझं बोट बटणावरून निघालं नव्हतं. फोटो आलाय. इतका चांगला फोटो मला कधी मिळाला नाही. ती समोरून, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, नजर सरळ लेन्समध्ये. ऑफिसात सगळे उभे राहून बघत होते. पहिल्या पानावर घ्यायचा म्हणतात, "भीतीचा चेहरा" अशा मथळ्याखाली. इस्त्रीसाहेबांनी फोन करून शाबासकी दिली.

ती स्वतःसाठी घाबरलेली नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. काल रात्री मी फोटो मोठा करून करून पाहिला. ती मला म्हणतेय, उठा. मी छापायला नाही म्हटलं, रंग नीट आले नाहीत अशी थाप मारली. उद्यापर्यंत थांबतील. खरं सांगितलं तर रेषा गेली. मला फार भीती वाटतेय.

मावशी

७ मार्च, संध्याकाळी

मावशी,

आधी मी लिहिलं होतं की गप्प बस, हंगाम संपू दे, पोरीला दुसरा संघ मिळेल. पूर्ण पान लिहिलं होतं. मग ते पुसलं, कारण वाचताना माझंच तोंड कडू झालं.

ती काठी मी काळी रंगवली. करू की नको असं वाटत असताना रंगवली. तू उठू शकतेस का हे मी विचारलं, तू हो म्हणालीस, आणि ते खोटं आहे हे मला कळलं होतं. तरी मी कात्रण कापून आईला दाखवत बसले, कारण तुझं नाव पेपरात आलेलं मलाही हवं होतं. तेव्हा यात मी आहे. कुणाला सांगायचं असेल तर माझंही नाव सांग.

काय करायचं ते तुला माहीत आहे, म्हणूनच तू घाबरली आहेस. मी सकाळच्या गाडीने निघतेय. तू काहीही ठरवलंस तरी घरी परतल्यावर कुणीतरी असावं.

खटपटी

२१ मार्च

प्रिय खटपटे,

तू परत गेल्यापासून घर फार मोकळं वाटतंय. तू होतीस तेव्हा मला धड बोलता आलं नाही, नुसती तुझ्या हातचं खात बसले. म्हणून आता लिहितेय.

त्या सकाळी तुझी गाडी पोचायच्या आत मी आधी पोरीकडे गेले होते. प्रशिक्षकांकडे जायचं धाडस होईना, म्हटलं आधी तिची माफी मागू. हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ती खिडकीपाशी बसली होती, हात गळ्यात बांधलेला, केस कुणीतरी वेडेवाकडे विंचरून दिलेले. मी काठी टेकत गेले. खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. गुडघा, काठी, काळा रंग, सगळं. ती ऐकत होती आणि तिला आश्चर्य वाटत नव्हतं.

म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही मुठीवर जोर लावलात ना, तेव्हाच दिसलं. माझी आई तसंच उठते."

मी विचारलं, "मग प्रशिक्षकांना सांगितलं का नाहीस? त्यांनी भित्री म्हटलं तुला!"

ती खाली बघून म्हणाली, "तुम्हाला वर पाठवलं असतं."

खटपटे, ते मला अजून पचत नाही. ती मला ओळखतही नाही. तिला वाटलं, माझ्याकडे अजून पुष्कळ वर्षं आहेत, या बाईंकडे कुठे आहेत? असं तिने बोलून नाही दाखवलं, पण तेच होतं. मला तिथे रडू फुटलं आणि ती पोरगी मोडक्या हाडाने मला पाणी देत होती.

तिथून निघाले ती सरळ प्रशिक्षकांच्या खोलीत. फोटो टेबलावर ठेवला, काठी फोटोच्या शेजारी ठेवली. म्हटलं, ही काठी आहे, मोनोपॉड नाही, आणि मला उठता येत नव्हतं. ते बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, तुम्ही आधी बसा. एवढंच. तो फोटो मग पेपरात गेला नाही. इस्त्रीसाहेबांनी पास काढून घेतला, पण दारापर्यंत सोडायला आले आणि मेहुण्यासाठी काठीची चौकशी केली नाही. तुझं नाव मी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. तुझ्या आईला मात्र तू सगळं सांगितलंस हे मला कळलंय. रोज दोनदा फोन येतो.

तर आता मी ऑफिसात, दाढीवाल्यांच्या शेजारी. वाईट वाटतं गं, खोटं कशाला बोलू? शनिवारी दुपारी सामन्याची वेळ झाली की पाय आपोआप दाराकडे वळतात. माझ्या जागी एक नवी मुलगी जाते. हात चांगला आहे तिचा, घाई जरा जास्त करते.

काल तिने काढलेला फोटो माझ्या टेबलावर आला. गोल झाल्यावर नऊ नंबर हात पसरून धावतेय, छान टिपलाय. मागे, थोडा धूसर, राखीव खेळाडूंचा बाक. त्या बाकावर प्रशिक्षक बसलेत आणि त्यांच्या अगदी शेजारी, हात गळ्यात बांधलेली, ओरडत अर्धी उठलेली सात नंबर. संघाचा शर्ट घातलेली.

उपसंपादक येऊन म्हणाले, मागचा बाक कापून टाका, जागा कमी आहे. मी म्हटलं, बातमी कापा. फोटो आहे तसा गेला.

तुझी मावशी